चोवीस तासांची खाट आणि एकतीस सुया

(वैधानिक इशारा: हा लेख चिडून लिहिलेला आहे आणि लांब आहे. शनिवार सकाळचा चहा घेऊन बसा.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. आपल्याकडचा आरोग्यविमा आजाराला पैसे देत नाही, खाटेला देतो. तुम्ही किती आजारी आहात, उपचार किती गरजेचा आहे, त्याने तुम्ही पुन्हा कामाला लागाल की नाही, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: ॲडमिट किती तास होतात? उत्तर चोवीसच्या खाली असलं की बाकीचा फॉर्म कोणी वाचत नाही. क्रॉनिक मायग्रेनवरच्या इंजेक्शनांचे क्लेम याच अटीवर आपटतात. आणि ही अट आता वैद्यकीयदृष्ट्या, हिशेबाने आणि साध्या व्यवहारज्ञानानेही भंगारात काढायच्या लायकीची झाली आहे.

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही आणि विम्यातलीही नाही. पुण्यात आयटीत काम करणारी एक इंजिनिअर. सहा वर्षं मायग्रेन, त्यातली शेवटची दोन 'क्रॉनिक' या पाटीखाली. इंजेक्शनांच्या तीन फेऱ्या झाल्या, तीन क्लेम टाकले, तिन्ही परत आले. तेव्हा रडगाणं गाण्यापेक्षा पॉलिसीची चाळीस पानं आपण एखादा स्पेक वाचतो तशी वाचून काढली. जे दिसलं ते लिहिते आहे.

"डोकंच दुखतंय ना?"

आधी हे संपवू. कारण विमा कंपनीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा मूळ समज हाच असतो, की डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं. बाम लाव, झोप काढ, मोबाईल कमी बघ.

क्रॉनिक मायग्रेनची व्याख्या अगदी काटेकोर आहे. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनची लक्षणं असलेले. म्हणजे अर्ध्याहून जास्त महिना. मायग्रेन म्हणजे नुसती ठसठस नव्हे. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, फोडणीच्या वासाने उलटी होते, जिना चढला तरी डोक्यात घण पडतात. पडदे ओढून अंधारात पडून राहायचं आणि वेळ जायची वाट बघायची.

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक अभ्यासाच्या २०१९ च्या आकड्यांनुसार माणसाला अपंग करणाऱ्या कारणांमध्ये मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या. हे काही परदेशी लाडावलेल्या लोकांचं दुखणं नाही. बेंगळुरूच्या शहरी आणि ग्रामीण भागात घरोघरी जाऊन जी पाहणी झाली, तिच्यात वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. चारात एक! यातले बहुतेक क्रॉनिक नसतात हे खरं. पण तुमच्या दहा जणांच्या टीममध्ये दोघा-तिघांना हे आहे आणि ते बोलत नाहीत, एवढं मात्र समजून चाला.

बोलत का नाहीत? तापाला थर्मामीटर आहे, मोडलेल्या हाताला प्लास्टर आहे. मायग्रेनचा एमआरआय नॉर्मल येतो. दुखणं दाखवायला काही नसलं की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचा क्लेम फेटाळणं फार सोपं असतं.

इंजेक्शनपर्यंत कोणी हौसेने जात नाही

लोकांना वाटतं की डोकं दुखलं, गेली आणि बोटॉक्स घेऊन आली. छे हो. त्याआधी एक लांबलचक जिना आहे.

पहिल्या पायऱ्यांवरची औषधं मायग्रेनसाठी शोधलेलीच नाहीत. प्रोप्रॅनोलॉल हे ब्लडप्रेशरचं, ॲमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट फिट्सचं. ती मायग्रेनलाही लागू पडतात असं लक्षात आलं म्हणून दिली जातात. बऱ्याच जणांना गुण येतो, आणि स्वस्तही आहेत, त्यामुळे आधी ती देणं बरोबरच. पण प्रत्येकाची किंमत असते. व्हॅलप्रोएट गरोदरपणात बाळाला घातक, म्हणून माझ्या वयाच्या बाईला देताना डॉक्टर दहादा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. आणि टोपिरामेट... त्याने मला शब्द सापडेनासे झाले. रोजच्या स्टँडअपमध्ये 'डेटाबेस' हा शब्द आठवेना, हाताने हवेत डबा काढून दाखवला. टीम हसली, मीही हसले. पण ज्याचं पोट डोक्यावर चालतं त्याला हा दुष्परिणाम फार महाग पडतो.

या काळात माणूस जगतो वेदनाशामक गोळ्यांवर, आणि तिथे आणखी एक सापळा. ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामकं महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, साधी वेदनाशामकं १५ किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आगीतून फुफाट्यात.

हे सगळं करून झाल्यावर इंजेक्शन येतं. दोन प्रकार आहेत.

एक, बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे आपलं ते 'बोटॉक्स'. क्रॉनिक मायग्रेनसाठी त्याला ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत २०१० सालीच मान्यता मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी बारीक सुया, एकूण १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतं आणि तुम्ही रिक्षाने घरी. (हो, कपाळावरच्या आठ्या जातात. क्लेम नाकारल्याचं पत्र वाचताना आठ्या पडत नाहीत, एवढाच काय तो सौंदर्यलाभ :) )

दोन, सीजीआरपी नावाच्या प्रथिनाच्या मागे लागणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडीज. मायग्रेनमध्ये हे प्रथिन महत्त्वाची भूमिका बजावतं असं कळल्यावर त्याच्यासाठीच बनवलेली ही औषधं. एरेन्युमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब या तिघांना अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. साधारणपणे महिन्याला एकदा, इन्शुलिनसारखं कातडीखाली टोचायचं. खास मायग्रेन रोखण्यासाठीच बनवलेली पहिली औषधं म्हणजे हीच, बाकी सगळा आतापर्यंत उसनवारीचा कारभार होता.

माझी एक फेरी त्रेचाळीस हजारांना पडली. वर्षाला चार, कधी पाच फेऱ्या. पाच लाखांची पॉलिसी खिशात असताना हे पैसे मी पगारातून भरते आहे. महिन्याला अठरा-वीस दिवस दुखायचं ते आठ-नऊवर आलं आहे, म्हणून भरते आहे. ज्याच्याकडे हे पैसे नाहीत त्याने काय करायचं?

आता येऊ खाटेकडे

मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली आली. तेव्हाच्या वैद्यकशास्त्रात मोठा आजार म्हणजे दवाखान्यात भरती, हे समीकरण ठीक होतं. 'खरंच आजारी आहे का' हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे 'खाटेवर झोपला होता का'. आपल्या भाषेत सांगायचं तर मोजायचं होतं आजारपण, ते मोजता येईना म्हणून खाटेचे तास मोजले.

पुढे शास्त्र बदललं. डायलिसिसचा पेशंट चार तासांत घरी जायला लागला, केमोथेरपी दिवसात व्हायला लागली, मोतीबिंदू तर सकाळी जाऊन दुपारी परत. मग काय केलं? मूळ अट काढली नाही. शेजारी अपवादांची यादी चिकटवली. लेगसी कोडवर काम केलेल्या प्रत्येकाला ही पद्धत ओळखीची असेल: मूळ कंडिशनला हात लावायची कोणाची छाती नाही, म्हणून खाली आणखी एक 'इफ' लिहायचा.

याच अपवादातून 'डे केअर'ची व्याख्या आली. तिचा मथितार्थ असा: भूल देऊन केलेला असा उपचार किंवा शस्त्रक्रिया, जी तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे २४ तासांच्या आत होते, आणि एरवी जिला २४ तासांपेक्षा जास्त काळ भरती व्हावं लागलं असतं. वर एक शेपूट: जो उपचार सर्वसाधारणपणे ओपीडीत घेतला जातो तो यात धरला जाणार नाही.

हे वाक्य परत वाचा. 'एरवी भरती व्हावं लागलं असतं.' म्हणजे जुनं तंत्रज्ञान वाईट होतं आणि तुम्हाला चार दिवस खाटेवर ठेवत होतं, तर नव्याला पैसे मिळतील. पण एखादा उपचार जन्मापासूनच इतका चांगला असेल की खाटेची गरज कधी पडलीच नाही, तर मात्र पैसे नाहीत! खाट रिकामी करणारं तंत्रज्ञान चालतं, खाटेपर्यंत जाऊच न देणारं चालत नाही. हुशार मुलाला 'तू कधी नापास झालाच नाहीस' म्हणून बक्षीस नाकारावं, तसा हा प्रकार.

यादीत काय आहे, काय नाही

इथे कोणी म्हणेल, नियम तो नियम, इंजेक्शनला पैसे द्यायचेच नाहीत असं ठरलेलं आहे. पण तसं ठरलेलं नाही!

२०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आधुनिक उपचारांची एक यादी दिली आणि पॉलिसीत हे उपचार वगळू नका असं कंपन्यांना सांगितलं. २०२० मध्ये आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही ती यादी आहे, विमा रकमेच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेसह. आजही तुमच्या पॉलिसीच्या कागदात बघा, बारा नावं सापडतील. त्यातली तीन मी मोठ्याने वाचते.

एक: इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन, म्हणजे डोळ्याच्या आत दिलं जाणारं. दहा मिनिटांचं काम, पेशंट तासाभरात घरी.

दोन: तोंडाने घ्यायची केमोथेरपी. म्हणजे गोळी. पाण्याबरोबर.

तीन: इम्युनोथेरपी, इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी.

तिसरं नाव नीट वाचा. सीजीआरपीवरची औषधं काय आहेत? मोनोक्लोनल अँटिबॉडी. कशी देतात? इंजेक्शनद्वारे. विमा कंपनी 'इम्युनोथेरपी' हा शब्द पुढे करून म्हणेल की हे कॅन्सरसाठी आहे. म्हणू दे. त्या ओळीत कॅन्सर हा शब्द नाही. आणि करारातल्या संदिग्ध शब्दाचा अर्थ करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी विम्याच्या खटल्यांत मानलेलं आहे. हा मुद्दा लढवण्यासारखा आहे.

एक खोच मात्र आहे. या यादीतले उपचारही 'भरती होऊन किंवा डे केअरमध्ये' घेतलेले असावे लागतात. म्हणजे तेच पेन, तीच मात्रा, घरी टोचून घेतली तर विषय संपला, आणि हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून घेतली तर निदान भांडता तरी येतं. औषधाला खुर्चीचं भान नसतं, विम्याला असतं.

बोटॉक्सचं नाव यादीत नाही, हे खरं. पण डोळ्यातली सुई चालते आणि कपाळातली चालत नाही, यामागचं वैद्यकीय कारण कोणी मला सांगावं. तत्त्व म्हणून इंजेक्शनला विरोध नाही, गोळीलाही नाही. मग उरतं एवढंच, की यादी करताना डोळ्यांच्या आणि कॅन्सरच्या पेशंटांचा आवाज पोचला होता, मायग्रेनवाल्यांचा पोचला नव्हता.

खोटं बोलायला शिकवणारी अट

माझं पहिलं पत्र: 'उपचार ओपीडी स्वरूपाचा, २४ तासांपेक्षा कमी.' ठीक. दुसरं पत्र: 'कॉस्मेटिक उपचार वगळलेले आहेत.' न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, दोन वर्षांची औषधं, पाच महिन्यांची डोकेदुखीची डायरी, सगळं जोडलेलं असताना! मानेत आणि खांद्यात मारलेल्या सुयांनी कोणतं सौंदर्य वाढतं ते त्या पत्रलेखकालाच ठाऊक. तिसरं पत्र म्हणजे पहिल्याचंच कॉपी-पेस्ट.

तिसऱ्यानंतर फोन केला. पलीकडचा मुलगा बिचारा सज्जन होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक रात्र ॲडमिट झाल्या असतात तर काहीतरी बघता आलं असतं."

तो चांगुलपणानेच बोलला, आणि म्हणूनच मला ते भयंकर वाटतं. त्याचा अर्थ असा, की पंधरा मिनिटांच्या उपचारासाठी एक खाट अडवा, खोलीचं भाडं लावा, सलाईन लावा, कागदावर काहीतरी गंभीर लिहून घ्या, आणि त्रेचाळीसचे सत्तर हजार करून पाठवा. मग बघू. मी नाही म्हटलं. त्या खाटेची गरज असलेला दुसरा कोणीतरी असतो, हे एक. आणि खोटा क्लेम हा खोटाच, हे दुसरं. गंमत म्हणजे, नुसत्या तपासण्यांसाठी भरती झालात तर नाकारायला एक वेगळं कलम तयारच आहे.

विमा कंपन्या वर्षानुवर्षं रडतात की लोक खोटे क्लेम करतात. करतात, मान्य. पण खरं सांगणाऱ्याला शून्य आणि नाटक करणाऱ्याला संधी, असा नियम तुम्हीच लिहिलात तर लोक दुसरं काय शिकणार? ज्या सिस्टीममध्ये नियम पाळणारा हरतो, तिथे दोष युजरचा नसतो, डिझाईनचा असतो.

२०२३ मध्ये वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २४ तासांच्या मुद्द्यावर नाकारलेला एक क्लेम द्यायला लावला. आधुनिक उपचारांमुळे पेशंटला पूर्वीइतका वेळ भरती राहावं लागत नाही, त्यामुळे तेवढ्या कारणावर क्लेम नाकारता येणार नाही, असा त्याचा सूर होता. एका जिल्ह्याचा निर्णय सगळ्या देशाला बांधत नाही. पण एका जिल्हा आयोगाला जे कळलं ते बाकीच्यांना कळायला अडचण नसावी.

आक्षेप, क्रमाने

*विमा हा मोठ्या संकटासाठी असतो, नेहमीच्या खर्चासाठी नाही.* तत्त्व पटतं. सर्दी-खोकल्याचे पैसे विम्याने द्यावेत असं मी म्हणत नाही. पण वर्षाला पावणेदोन लाख आणि महिन्यातले अठरा दिवस, हे नेहमीचा खर्च या सदरात बसतं का? संकटाचं मोजमाप रकमेने आणि नुकसानाने करा, खाटेने नको.

*सगळे बोटॉक्स मागायला लागतील, प्रीमियम वाढेल.* यावर उत्तर शोधून झालेलं आहे, आपल्याला फक्त उचलायचं आहे. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने, जी सरकारी पैशाचा पै-पै हिशेब मागण्याबद्दल प्रसिद्ध आहे, २०१२ मध्ये क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स मंजूर केलं, ते अटींसह. आधी किमान तीन प्रतिबंधक औषधं वापरून झालेली हवीत. गोळ्यांच्या अतिवापराचा प्रश्न हाताळलेला हवा. दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस किमान ३० टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर बंद. आणि महिन्याला १५ दिवसांच्या खाली येऊन सलग तीन महिने टिकलात, तरी बंद. या अटी आपल्याकडे उद्या लावा, मी आनंदाने पाळेन. दार उघडं टाका असं कोणी म्हणत नाही. दाराला कुलूप हवं, भिंत नको.

*या इंजेक्शनचा परिणाम तसा माफकच आहे.* हा आक्षेप अभ्यासू आहे, म्हणून त्याला मान देते. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर बोटॉक्सची मान्यता उभी आहे त्यांत महिन्याचे डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ ने कमी झाले, आणि नुसत्या खाऱ्या पाण्याच्या सुयांनीही ६.६ ने. फरक दोन दिवसांहूनही कमी. पण सरासरी ही सरासरी असते. काहींना काहीच फरक पडत नाही, काहींचं आयुष्य परत मिळतं. म्हणूनच ती 'दोन फेऱ्यांत गुण नाही तर बंद' ही अट. ज्याला उपयोग होतो त्याला शोधून काढा आणि फक्त त्यालाच पुढे द्या. 'नाईस'ला हे आकडे माहीत होते, तरी त्यांनी हो म्हटलं.

*ओपीडी कव्हर घ्या की वेगळं.* घेतलं आहे. वर्षाला पाच हजार. एका फेरीतल्या साडेतीन सुयांचे पैसे निघतात. हिशेब करून बघा.

अमेरिकेत तरी सुख आहे का?

न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीचा नेहमीचा टोमणा: "आमच्याकडे मिळतं बाई." मिळतं, पण तिथे 'प्रायर ऑथरायझेशन' नावाचा मारुती दारात बसलेला असतो. आधी ही दोन जुनी औषधं फेल झाल्याचं दाखवा, मग वर्षाने पुन्हा नवा फॉर्म भरा. २०२४ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने जाहीरपणे म्हटलं की सीजीआरपीवरची औषधं पहिल्या पायरीवरच देता यायला हवीत, आधी इतर औषधं फेल होण्याची अट नको. म्हणजे तिथलं भांडण आहे कोणतं औषध कधी द्यायचं याचं. निदान वैद्यकीय प्रश्नावरचं भांडण आहे. आपलं भांडण अजून खाटेच्या पायापाशीच अडलं आहे.

मग करायचं काय?

नुसतं चिडून उपयोग नाही, म्हणून कामाचं लिहिते.

१. नकार तोंडी घेऊ नका. लेखी मागा, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते विचारा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि नकारात नेमकं कलम सांगावं लागतं. कमिटीने पाहिलं का, हे सरळ विचारा.

२. डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात निदान, महिन्यातले दिवस, आधी घेतलेली औषधं, प्रत्येकाची मात्रा, किती महिने, का थांबवलं, हे सगळं हवं. 'कॉस्मेटिक हेतूने नाही' हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या. डोकेदुखीची डायरी रोज भरा, एक्सेलमध्ये भरली तरी चालेल.

३. मोनोक्लोनल अँटिबॉडी घेत असाल तर ती हॉस्पिटलच्या डे केअरमध्येच घ्या, आणि क्लेममध्ये आधुनिक उपचारांच्या यादीतल्या त्या ओळीचा हवाला द्या.

४. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, मग 'बीमा भरोसा' पोर्टलवर. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील नको, नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही घेतात. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. माझी तक्रार गेल्या महिन्यात दाखल झाली आहे.

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण आयटीवाल्यांसाठी. आपली ग्रुप पॉलिसी ही दगडावरची रेघ नसते. कंपनी आणि विमेवाले दरवर्षी बसून ती ठरवतात. बाळंतपणाला पहिल्या दिवसापासून कव्हर, जुन्या आजारांना प्रतीक्षाकाल माफ, आईवडिलांचा समावेश, हे कसं आलं? कर्मचाऱ्यांनी मागितलं, एचआरने ब्रोकरला सांगितलं, प्रीमियममध्ये थोडे पैसे घातले, आलं. मी आमच्या एचआरमधल्या मैत्रिणीला विचारलं, मायग्रेनच्या इंजेक्शनांसाठी एक कलम का नाही? ती म्हणाली, "अगं, आजपर्यंत कोणी मागितलंच नाही."

चारात एकाला असणारा आजार, आणि कोणी मागितलंच नाही! कसे मागतील? 'तब्येत बरी नाही' असा मोघम मेल टाकून सुट्टी घेणारे आपण. अप्रेझलमध्ये 'नाजूक प्रकृतीची' असा शिक्का नको म्हणून प्रॉडक्शन इश्यूच्या रात्री दोन गोळ्या गिळून स्क्रीनसमोर बसणारे आपण. लपवलेल्या दुखण्याचं कलम कोणी लिहीत नाही.

तेव्हा या सोमवारी एक मेल टाका. रिन्यूअल कधी आहे ते विचारा, आणि मागणी नेमकी करा: क्रॉनिक मायग्रेनसाठी न्यूरॉलॉजिस्टने दिलेली इंजेक्शनं, भरतीच्या अटीशिवाय, आधी तीन औषधं वापरून झालेली असतील तर, दोन फेऱ्यांत ३० टक्के गुण आला तर पुढे चालू, वर्षाला अमुक रकमेच्या मर्यादेत. ब्रोकरला भाव लावता येईल अशी, मोजता येईल अशी मागणी. ऑफिसात अजून कोणाला हा त्रास आहे ते विचारा आणि मेलवर त्यांचीही नावं घाला, त्यांची तयारी असेल तर. एका नावाचा मेल विनंती ठरतो, पंधरा नावांचा अजेंड्यावर जातो.

असो. खूप लिहिलं. नियामकाने मूळ व्याख्या बदलावी ही मागणी आहेच, ती मी सोडणार नाही. पण त्यांची फाईल हलेपर्यंत आपल्या हातातली फाईल आपण हलवू शकतो, आणि ती एचआरच्या इनबॉक्समध्ये आहे.

ता.क. 'रोज सकाळी गाईचं तूप नाकात घाल' हा सल्ला मला आतापर्यंत अकरा जणांनी दिला आहे. बारावे कृपया तुम्ही होऊ नका :)